तक्त्यातले चौदा

प्रिय मुंगे,

तू पाठवलेलं ते चपटं मशीन आज दुपारी उघडलं होतं. तुलाच लिहायचं म्हणून उघडलं. आधी ते म्हणालं, थांब, मी स्वतःला नवीन करून घेतो. घे बाबा, म्हटलं. चहा झाला, कप विसळून झाला, तरी त्याचं नवीन होणं चालूच. मग म्हणालं पासवर्ड दे. दिला. म्हणे हा जुना झाला, दुसरा दे. दुसरा दिला तर म्हणे यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा आणि एक कसलं तरी चिन्ह हवं. एवढ्या अटी माझ्या सासूनेही घातल्या नव्हत्या, आणि ती बाई अटी घालण्यात कमी नव्हती. शेवटी नऊ चौकोन दाखवून विचारलं, यातल्या कशाकशात सायकल आहे ते दाखव, म्हणजे तू माणूस आहेस याची खात्री पटेल. चौऱ्याहत्तर वर्षं माणूस म्हणून काढली, आता या डब्याला पुरावा देत बसू? मिटलं, वर उशीचा अभ्रा घातला आणि वाणसामानाच्या यादीची वही घेऊन बसले. अक्षर बघून हसू नकोस. चौथी शिकलेल्या बाईचं आहे, पण गिरवून गिरवून कमावलेलं आहे. याच अक्षराने घात केला, ते पुढे येईलच.

तुझी खुशाली फोनवर कळते, पण फोनवर तू कायम घाईत. एका बाजूला मी, समोर मीटिंग. मध्येच म्हणतेस, आजी, तुझा आवाज तुटतोय. माझा आवाज कधी तुटत नाही, तुझं लक्ष तुटतं. परवा तुझ्या कानातल्या मशीनला म्हणे अपडेट हवं झालं आणि तू अर्धा दिवस डाव्या कानाने बहिरी बसलीस. तू ते हसत सांगितलंस, मला काही हसू आलं नाही. माझ्या चष्म्याने मला आजवर कधी सांगितलं नाही, की बाई, आज मी दाखवणार नाही, मला जरा नवीन व्हायचंय. तुमचा कॉम्प्युटरचा धंदाच तसला. चालतंय ते सुखाने चालू द्यायचं नाही. तुझ्या शेजारी बसायची ती कुरळ्या केसांची, तिला सकाळी दाराला कार्ड लावल्यावर कळलं की नोकरी गेली. दार उघडलं नाही, हाच निरोप. आमच्या फॅक्टरीत साहेब निदान खाली यायचा, घसा खाकरायचा आणि खोटं का होईना, वाईट वाटल्यासारखं तोंड करायचा. आणि माझे सगळे फोटो तू ढगात ठेवलेस म्हणालीस. माणूस मेलं की वर जातं हे ऐकलं होतं. फोटोंना आधीच पाठवायची घाई कशाला ते कळलं नाही.

बरं, आता बातमी. फॅक्टरीतली लांबी काल येऊन गेली. तिला लांबी म्हणणं ही आता चेष्टाच आहे, वाकून वाकून माझ्या खांद्याशी आली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाते आणि चार-चार तास स्वतःला मशीनला जोडून घेते, तेव्हा तिचं रक्त धुऊन मिळतं. गुरुवारी अकरा वाजता भरपाईच्या कचेरीत तिच्या अपिलाची सुनावणी आहे. तुला ठाऊकच आहे, अर्ज तूच तिथे बसून भरून दिलास. तिने कागद माझ्याकडे आणले, मी फोनने फोटो काढले, निम्मे माझ्या अंगठ्याचे निघाले, तरी तू चिकाटीने भरलास. सगळा प्रश्न एवढाच आहे, की तिची मूत्रपिंडं आमच्या फॅक्टरीतल्या कामाने गेली की आपली आपण गेली. कामाने गेली असं ठरलं तर ती खाट आणि ते मशीन तिला मरेपर्यंत. नाही ठरलं तर पुढच्या महिन्यापासून खाट दुसऱ्या कुणाला तरी. मग लांबीचे दिवस किती, ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. आमच्या लाइनवरच्या आणखी चौघी अर्ज भरून थांबल्या आहेत, हिचं काय होतं ते बघून पुढे जायचं म्हणून.

पहिला निकाल आला तो तूच मला फोनवर वाचून दाखवलास. मी दूध तापवत होते. तू म्हणालीस, आजी, वाईट वाटतंय, पण अर्ज टिकत नाही. त्या कचेरीतल्या सिस्टिमने फॅक्टरीचे त्या वर्षांचे रोजचे तक्ते तपासले. हवेतल्या वाफेचा आकडा पंचविसाच्या वर गेला तर धोका, आणि तक्त्यात दर तासाला, दर दिवशी, साडेतीन वर्षं आकडा चौदा. एकदाही वर नाही, एकदाही खाली नाही. तू म्हणालीस, डेटा स्वच्छ आहे, त्याला आपण काय करणार. आणि वर म्हणालीस, कोण होती ती तक्ता लिहिणारी देव जाणे, पण बाई कामसू हं आजी, एक दिवस चुकलेला नाही. मी म्हटलं दूध उतू जातंय आणि फोन ठेवला. दूध उतू जात नव्हतं.

तुझा समज आहे की आजीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. बटणातलं कळत नाही हे कबूल. पण तू दहावीत असताना घरात तो मोठ्या डोक्याचा जुना कॉम्प्युटर आणला होता ना, तू शाळेत गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याची पाठ उघडली होती. आज सांगते. आत हिरवी पाटी होती, आमच्या फॅक्टरीत बनायची तसली. तिच्यावरून बोट फिरवून बघितलं. आमच्याकडच्यापेक्षा टाके बारीक, सगळे एका मापाचे, मशीनने मारलेले. आमच्या टाक्यांत बाई ओळखू यायची. लांबीचा टाका शेंड्याला झुकलेला, माझा गोल, तुझ्या आईचा इतका नाजूक की तपासनीस दोनदा हलवून बघायचा. जगात कुठे कुठे लोक आमच्या पाट्या घातलेल्या मशीनांवर बसून हिशेब करत असतील, पत्रं लिहीत असतील, आणि आत आम्ही बावीस बायका. कुणाला ठाऊक?

कामही सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, पाटी हातोहात पुढे सरकायची. कुणी तिच्या भोकांत सुटे भाग खोचायचं, कुणी तापल्या काडीने कथील वितळवून टाका मारायचं. शेवटाला पाटी काळपट आणि चिकट झालेली असायची, म्हणून ती टाकीत बुडवून, ब्रशने घासून धुवायची. टाकीत पाणी नव्हतं. पिंपावर त्याचं लांबलचक परकं नाव लिहिलेलं होतं, ते कुणाला वाचता आलं नाही. आम्ही त्याला उडतं पाणी म्हणायचो. हातावर घेतलं की गार लागायचं आणि बघता बघता उडून जायचं, हात कोरडा ठाक. वास गोडसर. डाग असा काढायचं की आम्ही बाटल्या भरभरून घरी नेत होतो. तुझ्या आजोबांच्या शर्टाची कॉलर सगळ्या गल्लीत पांढरी, आणि मी त्याची ऐट मिरवायची.

टाकीपाशी एक स्टूल होतं. बाकी सगळं काम उभ्याने, तेवढं एक बसून. त्यामुळे त्या स्टुलासाठी बायका भांडायच्या, पाळ्या लावायच्या. रेडिओ म्हणून एक होती, तोंड बंद व्हायचं नाही म्हणून रेडिओ. ती स्टुलावर बसली की सकाळी मजेत असायची. दुपारनंतर तिची जीभ जड व्हायची, एक शब्द दुसऱ्यात अडकायचा, आणि आम्ही हसायचो, आज स्टेशन नीट लागत नाही म्हणून. तीही हसायची. चक्कर आली की आम्हाला हसूच यायचं तिथे. भुकेने होतंय असं वाटायचं. रेडिओला जाऊन एकवीस वर्षं झाली. यकृत. शेवटी पिवळी हळद झाली होती, पण बोलणं थांबलं नव्हतं.

बाहेरचे लोक फॅक्टरी बघायला यायचे तेव्हा बुटांवर कापडी पिशव्या चढवायचे. इतकी स्वच्छता. आम्हाला डोक्याला टोप्या, अंगावर पांढरे झगे, खिडक्या चारी बाजूंनी कायमच्या बंद, फटींना पट्ट्या लावलेल्या. धुळीचा कण पाटीवर पडू नये म्हणून. पाटीला काही होऊ नये याची एवढी काळजी घेतली, की आम्हाला काही होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आमच्यासुद्धा. तुझं ते नवीन ऑफिस तू मला फोनवर फिरवून दाखवलंस ना, काचा, कुंड्या, आणि सगळे हळू आवाजात बोलणारे, तेव्हा पहिल्यांदा मला त्या झग्याचा वास आला. कशाने कोण जाणे. तुमचा धंदा हलका आहे, जागा बदलायची म्हटलं की रातोरात बॅगेत भरून निघतो. आमची फॅक्टरीही तशीच निघून गेली. आता तिथे गाड्या लावतात.

आता त्या तक्त्याचं. तक्ता लिहिणारी ती कामसू बाई मीच.

लाइनवर एका बाईला टेबल-खुर्ची द्यायची ठरलं. साहेबाने आम्हा सगळ्यांना कागदावर एक ते शंभर आकडे काढायला लावले. लांबी सातवी शिकलेली, ती कागद वाचायची, आमची पत्रं वाचून दाखवायची. पण तिचे आकडे म्हणजे कोंबडी शाईत नाचल्यासारखे. माझे छापल्यासारखे. खुर्ची मला मिळाली. सातवीवाली खाली उभी आणि चौथीवाली वर बसलेली. मी टेबलाशी जाताना कुणीतरी म्हणालं, जपून गं, आकडे उलटे दिसतील. ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. लांबी बोलली नव्हती ते. तिने तर मला पेन दिलं होतं, स्वतःचं.

काम सोपं होतं. टाकीच्या वर भिंतीला घड्याळासारखी चकती होती, तिला एक काटा आणि पंचविसावर लाल रेघ. आकडा कशाचा ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, विचारलं तर कळत नाही हे कळलं असतं. दर तासाला बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. काटा रेघेच्या वर गेला तर लाइन थांबवायची, मोठे पंखे लावायचे, सगळ्यांना बाहेर काढायचं. काटा चौदावर होता. मी चौदा लिहिलं. एक वर्ष दर तासाला बघत होते आणि चौदा लिहीत होते, अगदी इमानाने. मग एके दिवशी मिस्त्री आला, त्याने चकती उघडली आणि हसायला लागला. आतली हवा ओढायची नळी आमच्या टोप्यांच्या तंतूंनी बुजून गेली होती. ती चकती वर्षभर काही हुंगतच नव्हती. त्याने ती काढली आणि नवीन बसवली, काट्याची नाही, लाल आकडे उजळणारी. पहिल्याच तासाला आकडा आला बासष्ट.

मी साहेबाकडे गेले, हे खरं. त्याने खाली येऊन आकडा बघितला, मग माझ्या टेबलावरचा मागचा तक्ता उचलला आणि म्हणाला, वर्षभर चौदा आणि आज बासष्ट? बाई, आकडे वाचता येतात ना तुम्हाला? मग म्हणाला नवीन मशीन आहे, बसेल हळूहळू, आणि वर निघून गेला. त्याने मला चौदा लिही असं सांगितलं नाही. हे नीट ध्यानात ठेव, कारण लोक म्हणतील साहेबाने करायला लावलं, म्हातारीचा काय दोष. त्याने फक्त तेवढं विचारलं, सगळ्या लाइनसमोर, आणि बाकीच्या एकवीस टोप्या माझ्याकडे वळल्या. तिथे उभ्याउभ्या माझ्या मनात एकच आलं, बासष्ट लिहिलं तर मागचं सगळं वर्ष खोटं ठरेल. म्हणतील चौथीवालीला काटाच वाचता येत नव्हता. खुर्ची लांबीला जाईल. मी बसले आणि लिहिलं चौदा. पुढच्या तासाला मशीन म्हणालं अठ्ठावन्न, मी लिहिलं चौदा. नवीन मशीनं चुकतातच, असं स्वतःला सांगितलं. आठवडाभर बघत होते. नंतर वर बघणंच सोडलं.

यापुढचं तुला तुझ्या धंद्यातलं म्हणून सांगते. पुढे पुढे मी सकाळी आल्या आल्या दिवसाचे आठही खण एका दमात भरायला लागले. एक शाई, एक झुकाव, संध्याकाळी पाचचा आकडा सकाळी साडेआठला वाळलेला. ज्याला डोळे आहेत त्याने तो कागद नुसता उजेडात धरला असता तरी म्हणाला असता, ही बाई खोटं लिहिते. माझ्या रजेच्या दिवसांचेही मी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची, म्हणून तर एक दिवस चुकलेला नाही. आता ते कागद नाहीत. तूच सांगितलंस, मशीनने वाचून घेतले आणि जागा अडते म्हणून फाडले. तुमच्या मशीनने माझं अक्षर फेकून दिलं आणि आकडे तेवढे ठेवले, सरळ रांगेत, टापटीप. चोराचे कपडे धुऊन, इस्त्री करून परत दिले. आता ते कुणीही बघावं आणि म्हणावं, डेटा स्वच्छ आहे. मला राग येतो तो याचा. भिंतीवरचं मशीन खरं सांगत होतं, तर मी म्हटलं नवीन आहे, चुकत असेल. कचेरीतलं मशीन माझं खोटं घोकतंय, तर तुझ्यासारखी शिकलेली पोर म्हणते मशीन चुकत नाही. मी तरी चौथी शिकलेली होते. तू कितवी?

चिडू नकोस. चिडलीस तरी पुढे वाच.

मी गप्प बसले असते तर आता कुणाला कळायचं नव्हतं. साहेब मेला. मिस्त्री कुठे आहे माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण लांबी आठवड्याला येते, माझ्या समोरच्या खुर्चीत बसते आणि सुजलेल्या हाताने कप धरते. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, म्हणून चहाचे घोटही मोजते. काल तिने मला विचारलं, तूच लिहायचीस ना गं, खरंच चौदा असायचं? तिच्या विचारण्यात संशय नव्हता. तिला वाटत होतं मशीनच बिघडलेलं असणार आणि मी तेवढं सांगितलं तर तिला उपयोग होईल. मी सांगितलं. जसं आत्ता तुला सांगितलं तसंच, खुर्चीचंसुद्धा. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. तू या जन्मात तोंड उघडशील असं मात्र वाटलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, पेन परत दिलं नाहीस ते नाहीसच. आणि एक घोट जास्त प्यायली, मोजलेला सोडून. गुरुवारी मी तिच्याबरोबर जाते आहे. तिथे माणसं बसतात म्हणे, नुसतं मशीन नाही. सांगणार आहे, बासष्ट होतं, मी चौदा लिहिलं. विश्वास ठेवतील की म्हातारी मैत्रिणीसाठी खोटं बोलतेय म्हणतील, माहीत नाही. मी आयुष्यभर खोटं बोलले ते सगळ्यांना पटलं, आता खऱ्याचं काय होतं ते बघायचं.

लांबी जाताना दारात थांबली आणि म्हणाली, पोरीला सांगितलंस का? मी म्हटलं नाही. म्हणाली, मग तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांग. म्हणून ही वही. तुझी आई त्याच लाइनवर होती हे तुला माहीत आहे, तू सहा वर्षांची असताना मूत्रपिंडं जाऊन ती गेली हेही माहीत आहे. तुझा डावा कान तापात गेला असं मी तुला सांगत आले. तसला ताप तुला कधी आला नव्हता, तो कान जन्मापासूनच तसा. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईचे पाय सुजायचे, तिला उभं राहवत नव्हतं. बसून करायचं काम एकच होतं. दुसरी कुणी असती तर पाळी लावली असती, माझी पोर म्हणून मी ते स्टूल तिला कायमचं दिलं, चौथ्या महिन्यापासून आठव्यापर्यंत, आणि रेडिओ माझ्याशी महिनाभर बोलली नाही. तुझ्या आईच्या डोक्यावर ते लाल आकडे उजळत होते आणि दहा पावलांवर बसून मी चौदा लिहीत होते. मला काही कळत नव्हतं असं म्हणायला तोंड आहे. पण दिवसातून दोनदा मी तिला म्हणायची, जा, जिन्यात जाऊन जरा वारा घेऊन ये. ज्याला काही माहीत नसतं तो असं म्हणत नाही. तुझा कान कशाने गेला, ती कशाने गेली, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत आणि मीही सांगणार नाही. मात्र गुरुवारी माझं बोलणं लिहून घेतलं की मेलेल्यांच्या वारसांनाही अर्ज करता येईल, महिनाअखेरपर्यंत, असं त्या कचेरीतल्या बाईने आज सकाळी लांबीला फोनवर सांगितलंय. तुझ्या आईची वारस तू. मी तो अर्ज करायचा नाही, मला तोंड नाही. तू कर. फॉर्म तुला पाठ आहे. कोणाच्या हयगयीमुळे, असा एक खण आहे त्यात, लांबीच्या वेळी तू तिथे फॅक्टरीचं नाव घातलंस. तुझ्या आईच्या अर्जात त्याच्याखाली आणखी एक ओळ घे आणि माझं नाव लिही, पूर्ण, आजोबांच्या नावासकट. पुढे मशीन विचारेल, सदर व्यक्तीचं मृत व्यक्तीशी नातं काय. ते रिकामं ठेवू नकोस, पुढे जाऊ देत नाही. लिही, आई.

तुझीच, तू ठेवशील तोवर,
आजी